शस्त्राचे सामर्थ्य शिस्तीत आहे

(यवतमाळ येथे विजयादशमीच्या शस्त्रपूजनानंतर, सेनेच्या शस्त्रदुरुस्ती विभागातून निवृत्त झालेल्या एका स्वयंसेवकाने तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



थोड्याच वेळापूर्वी आपण शस्त्रांना हळद-कुंकू वाहिले. पाटावर तलवार होती, दंड होता, त्यांच्या शेजारी शेतकऱ्याचा विळा आणि सुताराची पटाशीही होती. पूजा आटोपल्यावर एका तरुणाने माझ्याजवळ येऊन विचारले, "काका, आयुष्यभर तुम्ही पिस्तुले हाताळलीत. मग आजच्या पूजेत एखादे पिस्तूल का नाही?" आजूबाजूचे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आजचे माझे भाषण म्हणजे त्या तरुणाला दिलेले उत्तर आहे.

आपल्या जिल्ह्याची वृत्तपत्रे उघडली की अधूनमधून एक ठरावीक वाक्य वाचावयास मिळते: 'एक पिस्तूल, दोन मॅगझीन आणि चार जिवंत काडतुसे हस्तगत.' पुढे आरोपीचे वय दिलेले असते. ते कधी एकोणीस असते, कधी बावीस, आणि ते वाचून मन विषण्ण होते. कारण वीस वर्षांच्या आतबाहेरच्या याच वयात अनंत कान्हेरे फासावर गेला होता. त्याच्याही हातात पिस्तूलच होते. मग या दोन हातांत अंतर काय? 'हेतूचे' असे उत्तर कोणीही देईल, आणि ते खरेच आहे. परंतु माझा व्यवसाय लोखंडाशी निगडित होता, म्हणून मी ते अंतर लोखंडाच्याच भाषेत सांगणार आहे. त्या वाक्यातील ज्या शब्दाकडे कोणाचेच लक्ष जात नाही, त्या 'मॅगझीन' या शब्दापासून मी आरंभ करतो.

नाव एक, मेळ नाही

स्वयंचलित भरणाऱ्या पिस्तुलाची रचना थोडक्यात समजून घेऊ. मुठीच्या पोकळीत पत्र्याची एक पेटी बसते, तेच मॅगझीन. तिच्यात एकावर एक काडतुसे असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर रेटत असते. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस नळीत ढकलते. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो, म्हणून हे 'अर्धस्वयंचलित' शस्त्र. या सर्व क्रियेत दुसऱ्या गोळीपासून पुढचा सारा भार त्या पत्र्याच्या पेटीवर असतो. मॅगझीन नसेल तर हे शस्त्र एकाच गोळीचे उरते.

आता एक गैरसमज. पुष्कळांना वाटते की काडतूस एकाच मापाचे असले म्हणजे कोणतेही मॅगझीन कोणत्याही पिस्तुलात चालेल. तसे नसते. पेटीची लांबी-रुंदी आणि तिचा कल, तिला धरून ठेवणाऱ्या खटक्यासाठी पाडलेली खाच, आणि काडतूस अडवून धरणाऱ्या वरच्या दोन 'ओठां'ची उंची व वळण, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. यातील एकही चुकली तर पिस्तूल अडते.

यवतमाळकरांना हे समजावयास कठीण नाही. आपली 'शकुंतला' आठवा. आज ती धावत नाही, पण यवतमाळ ते मूर्तिजापूर हा तिचा मार्ग अडीच फुटी रुळांचा होता. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा मुख्य मार्ग लागतो, तो साडेपाच फुटांचा. दोन्हींचे नाव रेल्वेच, दोन्हींवर धावणार गाडीच. पण आपल्या वऱ्हाडी कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला एका गाडीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत. रुंदीत तीन फुटांचा फरक होता म्हणून ही उरफोड. पिस्तुलात तेच घडवून आणण्यास अर्धा मिलिमीटर पुरतो.

मी स्वतः अनुभवलेला प्रसंग सांगतो. गोळीबाराच्या सरावात एका जवानाचे पिस्तूल दर दोन-तीन गोळ्यांनंतर अडत होते. बिचारा घामाघूम झाला, वरिष्ठांची बोलणी त्याने खाल्ली. मी पिस्तूल उघडून पाहिले तर ते निर्दोष! मग मॅगझीन तपासले. ते कधीतरी दगडावर पडले असावे. त्याचा एक ओठ डोळ्यांना जेमतेम कळेल इतका वाकला होता. दुसरे मॅगझीन दिले आणि तेच पिस्तूल तक्रार न करता चालले. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालण्याचा दंडक पडला. युद्धभूमीवर असे घडले असते तर? एका वाकलेल्या पत्र्यापायी एक प्राण गेला असता.

नाशिक ते बालासोर

या दृष्टीने आपल्या क्रांतिपर्वाकडे पाहू. १९०९ च्या प्रारंभी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठविली. इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ करून ती लपविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे याने जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या अशाच एका ब्राउनिंगमधून. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे तिघे फासावर चढले. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि पिस्तुलांचा माग काढीत सरकार सावरकरांपर्यंत पोहोचले. दोन जन्मठेपांची, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा त्यांना झाली, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे.

'ब्राउनिंग' हे नाव आपण भक्तिभावाने उच्चारतो, पण त्यामागचे तंत्र जाणून घेत नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकन संशोधक. त्याच्या आराखड्यांवरून बेल्जियममधील हेर्स्टालच्या एफएन कारखान्यात पिस्तुले होत. त्या दशकात एफएनची तीन प्रतिमाने बाजारात होती. १९०० चे प्रतिमान ७.६५ मिलिमीटरचे, ज्याला आपण .३२ म्हणतो, त्याचे मॅगझीन सात गोळ्यांचे. १९०३ चे प्रतिमान ९ मिलिमीटरच्या लांब काडतुसाचे. तेही सात गोळ्यांचे, पण आकाराने मोठे. १९०६ चे तर खिशात मावणारे, ६.३५ मिलिमीटरचे, सहा गोळ्यांचे. तिन्हींचा जनक एक आणि कारखानाही एक, तरी एकाचे मॅगझीन दुसऱ्यात बसत नाही. याच ब्राउनिंगने अमेरिकेतील कोल्ट कंपनीसाठी १९०३ मध्ये .३२ चे पिस्तूल बनविले. त्याचे काडतूस एफएनच्या १९०० च्या पिस्तुलाचेच; मॅगझीन मात्र आठ गोळ्यांचे आणि सर्वस्वी निराळे. हुतात्मा चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूल प्रयागच्या संग्रहालयात आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये ते एकाकी लढले, ते गोळ्या संपेपर्यंत. ज्याच्या पाठीशी शस्त्रागार नाही, त्या वीराच्या पराक्रमाला त्याच्या मॅगझिनची मर्यादा असते. हे वाक्य कटू आहे, पण इतिहासाने ते रक्ताने लिहून ठेवले आहे.

बंगालच्या क्रांतिकारकांनी ही उणीव ओळखली होती असे दिसते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालाने भरलेल्या सात बैलगाड्या निघाल्या, त्यांपैकी एक वाटेतच नाहीशी झाली. तिच्यात पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. आता हिशेब करा. दर पिस्तुलामागे ९२० काडतुसे! शिवाय सर्व पिस्तुले एकाच बनावटीची. माउझरचे मॅगझीन मुठीत नसते. ते चापाच्या पुढे, शस्त्राच्या अंगातच घडविलेले असते. दहा काडतुसांची पट्टी वरून लावायची आणि अंगठ्याने काडतुसे आत दाबायची. म्हणजे एकाची पट्टी दुसऱ्याच्या शस्त्रात चालणारच. एक साथी पडला तर त्याचा साठा दुसऱ्याच्या कामी येणार. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळ बुढीबालम नदीकाठी बाघा जतीन आणि त्यांचे चार साथी सशस्त्र पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी झुंजले, ते माउझर पिस्तुलांनिशी. अखेर तेथेही गोळ्या आणि माणसे संपली. परंतु आत्मार्पणाला तंत्राची जोड मिळाली म्हणजे मूठभर माणसे किती काळ टिकाव धरू शकतात, हे त्या दिवशी जगाला दिसले.

याच काळातला यवतमाळचा एक विद्यार्थी आठवा. 'वंदे मातरम्'च्या उद्घोषाबद्दल नागपूरच्या शाळेतून काढलेला केशव बळिराम हेडगेवार आपल्या गावी तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या राष्ट्रीय शाळेत शिकला. १९१० मध्ये तो वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्यास गेला आणि तेथे अनुशीलन समितीच्या संपर्कात आला. सशस्त्र क्रांतीचे मार्ग त्याने जवळून पाहिले. नागपूरला परतल्यावर डॉक्टर झालेल्या त्या तरुणाने काय उभे केले? बंदुकांचा साठा केला नाही. १९२५ च्या विजयादशमीला माणसांचे संघटन उभे केले. आणि २१ जुलै १९३० रोजी याच यवतमाळच्या परिसरात त्यांनी जंगल सत्याग्रह केला, तो राखीव जंगलातील गवत कापून. नऊ महिन्यांची शिक्षा त्यांना झाली, ती त्यांनी अकोल्याच्या कारागृहात भोगली. पूजेच्या पाटावर विळा का ठेवतात, असे कोणी विचारले तर त्याला ही तारीख सांगा.

प्रमाणीकरणाचे बळ

स्वतंत्र भारताच्या सैनिकाच्या कमरेला जे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आले, त्याची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. ब्राउनिंगने आयुष्याच्या अखेरीस एका नव्या पिस्तुलाचा आराखडा हाती घेतला होता. १९२६ मध्ये बेल्जियममधील त्याच कारखान्यात त्याचा मृत्यू झाला. त्याचे अपुरे काम द्यूदोने सेव्ह या अभियंत्याने पुढे नेले. काडतुसे एका रांगेत न ठेवता दुहेरी रांगेत आलटून पालटून रचली की मुठीतल्या तेवढ्याच जागेत तेरा गोळ्या मावतात, ही त्याची करामत. हे 'हाय-पॉवर' पिस्तूल १९३५ मध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने ते बनविले, आणि इंग्लिसच्याच धर्तीवर बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात भारताचे 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए' तयार झाले. आराखडा तोच असल्याने मॅगझिनचेही कूळ तेच. ज्या ब्राउनिंगचे पिस्तूल चोरकप्प्यातून आणल्याबद्दल पारतंत्र्यात काळे पाणी मिळाले, त्याच ब्राउनिंगचा आराखडा स्वतंत्र भारताच्या कारखान्यात, भारतीय कामगाराच्या हातून पोलादात उतरला!

या पिस्तुलाचा एक गुण सांगतो. मॅगझीन बाहेर काढलेले असेल तर चाप ओढूनही ते उडत नाही. तशी कळ त्यात आहे. परंतु हा नियम सर्व पिस्तुलांना लागू नाही, हे परवानाधारकांनी ध्यानात ठेवावे. अनेक आधुनिक पिस्तुलांत मॅगझीन काढल्यावरही नळीत राहिलेले काडतूस उडते. 'मॅगझीन काढले, आता पिस्तूल रिकामे आहे' या भ्रमाने घरोघरी अपघात झालेले आहेत. मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी पाहा, आणि तरीही ते भरलेलेच आहे असे समजून वागा. शस्त्राची खरी पूजा येथून सुरू होते.

प्रमाणीकरण म्हणजे काय, याचा आजचा नमुना ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांत दिसतो. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो ग्लॉक १७ वापरतात. त्याचे मॅगझीन सतरा गोळ्यांचे. त्याच घराण्यातील मध्यम आकाराच्या ग्लॉक १९ चे पंधरा गोळ्यांचे आणि छोट्या ग्लॉक २६ चे दहा गोळ्यांचे. मोठ्याचे मॅगझीन लहान पिस्तुलात चालते, फक्त मुठीखाली थोडे बाहेर डोकावते. लहानाचे मात्र मोठ्यात चालत नाही, कारण ते खटक्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे मोठ्याने लहानाच्या मदतीला धावून जावे, अशी ती घरातल्यासारखी व्यवस्था! पण त्याच कंपनीचे सडपातळ ग्लॉक ४३ घ्या. काडतूस तेच ९ मिलिमीटरचे, तरी त्याचे सहा गोळ्यांचे मॅगझीन या तिघांच्या व्यवहारात नाही. मेळ नावाने येत नाही; तो आधी ठरवून, मोजून, पाळावा लागतो.

मॅगझीन जुळले तरी काडतूस हवेच, आणि ते बनविण्यात आपला महाराष्ट्र अग्रेसर आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ चा. लहान शस्त्रांची काडतुसे हे त्याचे प्रमुख काम. वणीहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीचा चांदा आयुध निर्माणी कारखाना येतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुन्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतील दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे. आपल्या उंबरठ्यावर पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील आगीत सेनेचे अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी कामी आले. सीमेवरच्या जवानाचे मॅगझीन भरलेले राहावे म्हणून सीमेपासून दूर, आपल्या विदर्भातही हौतात्म्य पत्करावे लागते, याचे स्मरण आजच्या दिवशी ठेवू या.

आणि स्वदेशी संशोधन थांबलेले नाही. जानेवारी २०२१ मध्ये 'अस्मी' हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल देशासमोर आले. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी आणि पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने मिळून ते विकसित केले. त्याला तेहतीस गोळ्यांचे मॅगझीन लागते. 'अस्मी' म्हणजे 'मी आहे'. दुहेरी तळाच्या पेटीपासून 'मी आहे' या घोषापर्यंतचा हा प्रवास आहे.

कमरेचा कट्टा

आता त्या वृत्तपत्रातील वाक्याकडे परत येऊ. चोरट्या भट्टीत घडलेला कट्टा किंवा नकली पिस्तूल मी तांत्रिकाच्या नजरेने पाहतो तेव्हा मला त्यात शौर्य दिसत नाही. मला दिसते ती अव्यवस्था. कारखान्यात प्रत्येक भाग गेजने तपासला जातो, पोलादावर ठरलेल्या तापमानाची प्रक्रिया होते, अधिक दाबाच्या काडतुसाने नळीची परीक्षा घेतली जाते. भट्टीतल्या कट्ट्याला यातले काही नाही. त्याच्या एका नगाचा भाग दुसऱ्या नगाला लागत नाही, आणि कोणत्या गोळीला तो फुटून बाळगणाऱ्याचाच पंजा नेईल, हे बनविणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्या शस्त्राला मायबाप नाहीत, त्याचा आधार कसला घ्यायचा?

कायदाही ऐका. ९ मिलिमीटर हा आपल्या देशात निषिद्ध बोअर आहे. म्हणून परवानाधारक नागरिकाचे पिस्तूल सामान्यतः.३२ चे असते, म्हणजे ब्राउनिंगच्या १९०० च्या पिस्तुलासाठी जन्मलेले तेच काडतूस. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांचा कारावास आहे. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात, इतरांच्या जिवाची पर्वा न करता गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच ठरतात. तेव्हा 'माझ्याकडे नुसते मॅगझीन सापडले' ही सबब चालणार नाही.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी एखाद्याच्या भ्रमणध्वनीवर पिस्तुलासह काढलेले छायाचित्र असेल, आणि खाली क्रांतिकारकांचे नावही असेल. त्याला मी नम्रतेने विचारतो: कान्हेरेने छायाचित्रासाठी पिस्तूल घेतले होते काय? परकी सत्ता होती, कायदा तिचा होता, शस्त्रबंदी तिची होती. म्हणून त्या पिढीला चोरकप्पा करावा लागला आणि त्याची किंमत तिने फासावर चढून दिली. आज कायदा आपला आहे, सेना आपली आहे, कारखाना आपला आहे. स्वतःच्याच घरात चोरकप्पा कशासाठी? गल्लीतील वैरासाठी, जमिनीच्या व्यवहारातील धाकासाठी, वाळूच्या घाटावरील दमदाटीसाठी ज्याच्या कमरेला कट्टा आहे, त्याने सावरकरांचे नाव घेऊ नये. त्याची गोळी कोणा जुलमी सत्तेला लागत नाही. ती शेजारच्या घरातील हिंदू आईच्या मुलाला लागते, आणि दुसरी आई कारागृहाच्या दारात उभी राहते. अशा आया मी पाहिल्या आहेत. जामिनासाठी शेत गहाण टाकणारा बाप पाहिला आहे. कापसाच्या भावाने आधीच वाकलेल्या त्या पाठीवर आणखी हे ओझे कशाला?

शस्त्राची ओढ असेल तर तिला वाट आहे. सैन्यभरतीच्या मैदानावर धावा. पोलीस दलात जा. क्रीडा नेमबाजीत ऑलिम्पिकपर्यंत जाणारी मुले-मुली महाराष्ट्रातच घडली आहेत. आणि ज्याचे हात यंत्रावर चालतात, त्याने आयटीआयत फिटर, टर्नर, टूलमेकर व्हावे. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजावयास शिकावे. ज्या दिवशी यवतमाळचा एक मुलगा एखाद्या आयुध कारखान्यात गेज हातात घेऊन, 'हा नग नापास' असे निर्भयपणे म्हणेल, त्या दिवशी त्याने सीमेवरच्या एका अनोळखी जवानाचा प्राण वाचविलेला असेल. ते छायाचित्र काढण्याजोगे कार्य नाही, पण राष्ट्रकार्य तेच आहे.

म्हणून, माझ्या तरुण मित्रा, आजच्या पाटावर पिस्तूल नव्हते. त्याची जागा शस्त्रागारात, क्रमांक घातलेल्या कपाटात, नोंदवहीत सही करून घेणाऱ्या हातात आहे. तेथे आज त्याचीही पूजा झाली असेल. मी नोकरीत असताना दर विजयादशमीला पिस्तुले ओळीने मांडीत असे, आणि प्रत्येकाशेजारी त्याच्याच क्रमांकाचे मॅगझीन, रिकामे करून, ठेवीत असे. एकही क्रमांक चुकू नये, ही आमची आरती होती.

भारत माता की जय!